पोंक्ष्यांचा थंडीतला युरोप

जुलैच्या भर दुपारी, सत्तेचाळीस अंश उन्हात, आमच्या कॅम्पच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ लोकरी टोपी, गुडघ्यापर्यंतचा ओव्हरकोट आणि बर्फात घालायचे बूट चढवून फेऱ्या मारताना दिसले, तर नवा माणूस ॲम्ब्युलन्स बोलावतो. जुना माणूस म्हणतो, "पोंक्ष्यांची तिकिटं आली वाटतं."

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावर काम करायला इथे सरकारची बंदी आहे. गेटवरच्या नेपाळी गार्डने ती एकदा पोंक्ष्यांना ऐकवली. "साब, अंदर जाओ. तबियत खराब होगा."

"मैं काम किधर करता हूँ?" पोंक्षे म्हणाले. "बूट को सवय लगाता हूँ."

बूट युरोपात चावले तर? पोंक्ष्यांच्या मते जानेवारीत जे व्हायला नको, ते जुलैत निस्तरलेलं बरं. "आधी ठरवलं की नंतर ठरवावं लागत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते दिवसातून निदान चार वेळा ऐकू येतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

सौदीत रास अल खैरला आम्ही समुद्राचं पाणी गोडं करतो. पोंक्षे आमचे शटडाउन प्लॅनर. वर्षातून एकदा प्लांटचा एक भाग बंद करून उघडायचा, तपासायचा आणि पुन्हा चालू करायचा. त्यात कोणता नट कोणत्या तासाला कोणाच्या हातात असेल, हे पोंक्षे सहा महिने आधी सांगतात. शटडाउन फेब्रुवारीत असतो. त्याच्या आधी, डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर, ते दोन आठवडे युरोपला जातात. अशी नऊ वर्षं झाली. उन्हाळ्याची रजा मुलाबाळांवाल्यांना, थंडीची सड्याफटिंगांना, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. पोंक्ष्यांना नाशकात बायको आहे, एक नोकरीला लागलेला मुलगा आहे, आदित्य. पण कॅम्पमध्ये खोली एकट्याची आहे, त्यामुळे रजेच्या तक्त्यात ते सड्याफटिंगांत मोडतात.

"थंडीतच युरोप बघावा," ते म्हणतात. "गर्दी नसते. गर्दी म्हणजे डिले."

मी त्यांच्याच मजल्यावर राहतो. माझी बायको आणि मुलगी मुलीच्या शाळेसाठी दम्मामला असतात; मी गुरुवारी संध्याकाळी जातो आणि शनिवारी परततो. उरलेले पाच दिवस मला पोंक्षे आहेत. युरोपातल्या किल्ल्यांबद्दल माझं स्वतःचं मत फारसं भक्तिभावाचं नाही. अमुक राजा कोणत्या पलंगावर झोपत असे हे बघायला तिकीट काढून रांगेत उभं राहण्याइतका मी लोकशाहीला अजून कंटाळलेलो नाही. पण पोंक्षेही राजासाठी जात नाहीत. ते किल्ल्याकडे एक जुना, बंद पडलेला प्लांट म्हणून बघतात. पाणी कुठून येत होतं? वेढा पडला तर साठा किती दिवसांचा? दरवाजाची साखळी तुटली तर दुसरी कुठे ठेवली होती? एका राजवाड्यात सगळे पर्यटक छतावरची सोनेरी देवदूतमंडळी बघत असताना पोंक्षे खिडकीबाहेर वाकून पन्हळ बघत होते. परत आल्यावर मला म्हणाले, "चोक आहे. आपल्याकडे असती तर मी सही केली नसती."

त्यांचे फोटोही तसेच. बिजागऱ्या, गटारं, विहिरीचे रहाट. काही फोटोंत कडेला सुनंदावहिनी उभ्या असतात. हिरवा स्वेटर, हाताची घडी.

"वहिनी मस्त आल्यात इथे," मी एकदा म्हणालो.

"स्केल म्हणून उभी केलीय," पोंक्षे म्हणाले. "पाच फूट दोन इंच. त्यावरून भिंतीचा अंदाज येतो."

हो, सुनंदावहिनी बरोबर असतात. त्या नाशकात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतात. पोंक्षे सौदीत आले तेव्हा त्यांच्या आईचं आजारपण होतं, मग मुलाची शाळा आली, मग वहिनींची नोकरी पक्की झाली. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, कुटुंब आणायची वेळ कधी आलीच नाही. म्हणून पोंक्षे दम्मामहून निघतात, वहिनी मुंबईहून निघतात आणि दोघं युरोपातल्या एखाद्या विमानतळावर भेटतात. पहिल्या वर्षी पोंक्षे तिथे 'सौ. सुनंदा पोंक्षे' असा छापील बोर्ड धरून उभे होते. चुकामूक नको म्हणून. बायको आपल्याला ओळखेल की नाही, ही शंका त्यामागे होती असं मी तेव्हा गमतीने म्हणायचो.

"नाशिकलाच का नाही जात सगळी रजा?" मी विचारलं होतं.

"जातो की. उरलेली तिकडेच. पण तिकडे पहिले चार दिवस मी पाहुणा असतो आणि पुढचे दहा दिवस प्लंबर."

सहलीचा चार्ट त्यांच्या खोलीत भिंतीवर लागतो. शटडाउनच्याच नमुन्यावर केलेला, पंधरा-पंधरा मिनिटांच्या घरांचा. नऊ-दहा ते नऊ-पंचवीस, नाश्ता (गुरुवारी सुनंदाचा उपास). नऊ-चाळीस, मुख्य दरवाजा. नऊ-पंचावन्न, उत्तर बुरूज, पायऱ्या दोनशे चौऱ्याऐंशी. आणि उजवीकडे एक अरुंद रकाना होता: 'विषय'. त्यात 'दरवाजाचे खिळे', 'तोफा', 'दगड कुठला', असं काहीबाही. एके ठिकाणी 'आदित्यचं लग्न (दहा मिनिटं पुरे)'.

"हे विषय म्हणजे काय?" मी विचारलं.

"तो एक कॉलम आहे," पोंक्षे म्हणाले आणि त्यांनी मला चहा दिला. शेवटच्या घरात सही करून त्यांनी पेन बंद केलं. "खलास."

यंदा ऑस्ट्रियातले चार किल्ले होते. पाचव्या दिवशी दुपारी मी कॅम्पच्या मेसमध्ये राजमा खात होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. पोंक्षे सहलीत फोन करत नाहीत. चार्टात तशी जागा नसते.

"अरे, ट्रेन थांबवली," ते म्हणाले. आवाज दबलेला. "बर्फ पडलंय. पुढची लाइन बंद. दोन दिवस म्हणतायत."

"कुठे आहात?"

"एक खेडं आहे. एक चर्च, एक बेकरी. बेकरी बंद. एका म्हातारीच्या घरी खोली मिळालीय."

"मग उत्तम की! आराम करा."

"आराम चार्टात नाही रे."

"वहिनी बऱ्या आहेत ना?"

"खिडकीशी बसलीय."

"आणि तुम्ही?"

"मी जिन्यात उभा आहे."

"जिन्यात? बाहेर उणे दहा असेल पोंक्षे, खोलीत जा."

"जातो. खोलीत एकच खुर्ची आहे." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आजचे सगळे विषय त्या पुढच्या किल्ल्याचे होते. तोच नाही तर बोलायचं कशावर?"

मी हसलो. तो त्यांचा विनोद असावा असं मला वाटलं. पलीकडे कोणी हसत नव्हतं.

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला," पोंक्षे म्हणाले. "त्यातली बावीस मी सौदीत. घरी गेलो की माणसं असतात. बाहेर गेलो की किल्ला असतो. नुसते दोघं असे... मला नाही आठवत. संध्याकाळपर्यंत मी काय बोलू तिच्याशी? तुझी बायको दम्मामला आहे. तुम्ही काय बोलता?"

मी आठवून पाहिलं. गेल्या शनिवारी आम्ही वॉशिंग मशीनच्या पाइपबद्दल बोललो होतो. त्याआधी मुलीच्या गणिताबद्दल. मोठं काही सांगण्यासारखं नव्हतं.

"काहीतरी विचारा त्यांना," मी म्हणालो.

"काय?"

"काहीही. दमलीस का, असं विचारा."

"बरं," पोंक्षे म्हणाले, जणू मी त्यांना एखाद्या पंपाचा नंबर दिला होता. "दमलीस का. बरं." आणि फोन बंद झाला.

पुढचे आठ-नऊ दिवस काही कळलं नाही. मी एकदा मेसेज केला, त्याला उत्तर आलं नाही. शटडाउनची तयारी सुरू झाली होती, आमचा सौदी मॅनेजर दर तासाला "यल्ला, यल्ला" अशी चला-चलाची घाई करत फिरत होता आणि पोंक्ष्यांशिवाय कोणता बोल्ट कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. मला मात्र मधूनच तो जिना आठवायचा.

पोंक्षे परतले ते नेहमीसारखे चॉकलेटचा डबा घेऊन. तो त्यांनी सेक्शनमध्ये फिरवला. फोटो मात्र दाखवले नाहीत. पन्हळींबद्दल अवाक्षर नाही. चौथ्या दिवशी प्लांटवरून कॅम्पला येणाऱ्या बसमध्ये मीच विषय काढला.

"विचारलंत का मग?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली." पोंक्षे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वाळू, विजेचे टॉवर, पुन्हा वाळू. "मी म्हटलं, कधीपासून? म्हणाली, चार वर्षं झाली."

"म्हणजे?"

"गुडघा. उजवा. डॉक्टरने चार वर्षांपूर्वीच सांगितलंय, जिने चढायचे नाहीत. पट्टा बांधून चढत होती. तिकडे थंडीत घालते त्या पॅंटच्या आत. मला दिसायचा कसा?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे नको तेच विचारलं. "चार वर्षांत बुरूज किती झाले असतील?"

"सतरा," पोंक्षे लगेच म्हणाले. "पायऱ्या विचारू नकोस. मला माहीत आहेत."

बस चेकपोस्टला थांबली. गार्ड आत येऊन सगळ्यांचे पास बघून गेला.

"मी चिडलो तिच्यावर," ते म्हणाले. "म्हटलं, सांगायचं नाही? मी प्लॅन बदलला असता. खाली बसायची जागा शोधली असती. तर म्हणते, तुम्ही वर पोचलात की इतकं बोलता. तोफ अशी फिरायची, पाणी असं यायचं. घरी तुम्ही एवढं कधीच बोलत नाही. ते ऐकायला मिळावं म्हणून चढत होते."

बस सुटली.

"मग उरलेला वेळ काय केलंत?"

"काही नाही. ती दुपारची झोपली. मी त्या खुर्चीत बसलो. बर्फ पडत होतं."

"कंटाळलात?"

पोंक्ष्यांनी यावर बराच विचार केला. "तिची बूट काढायची पद्धत बदललीय," ते म्हणाले. "आधी डावा काढते आता. भिंतीला धरून. उरलेले दोन किल्ले मी रद्द केले."

फेब्रुवारीतला शटडाउन पोंक्ष्यांच्या अंदाजापेक्षा सहा तास आधी संपला. त्यानंतरच्या एका शुक्रवारी माझी ड्यूटी लागली, म्हणून मी दम्मामला गेलो नव्हतो. सकाळी एका व्हॉल्व्हच्या कागदावर सही हवी होती, म्हणून पोंक्ष्यांच्या खोलीचं दार ढकलून आत गेलो.

टेबलावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. फोनमध्ये नाशिकचं स्वयंपाकघर. सुनंदावहिनी स्टुलावर पाय पसरून बसलेल्या आणि समोरच्या परातीत गवार मोडत होत्या. कुकरची शिट्टी झाली. त्या काही बोलत नव्हत्या. पोंक्षेही बोलत नव्हते.

"अहो पोंक्षे, तो कागद..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आलंय हो?" फोनमधून वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"कोणी नाही," पोंक्षे म्हणाले आणि मला पायाने खुर्ची सरकवून दिली.

मी बसलो. पाच मिनिटं झाली असतील, कदाचित दहा. मी हळूच विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," ते कुजबुजले. "तिची भाजी होईपर्यंत."

पोंक्षे बावीस वर्षं मेसमध्ये जेवतात. त्यांच्या खोलीत शेगडी नाही, कढई नाही, चहाची किटली तेवढी आहे. तरी त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर जवळच्या जुबैल शहराच्या बाजारातून आणलेली पाव किलो गवार होती आणि ते तिच्या शिरा काढून एकेक शेंग मोडत होते.