संरक्षित खासनीस

तुर्कस्तानातल्या एका गावी, कबाबच्या साध्याशा हॉटेलात बसल्या जागी, मिरजेच्या विद्याधर आणि कुमुदिनी खासनीस यांना दुपारी पावणेदोन वाजता संरक्षित स्मारक म्हणून घोषित करण्यात आलं.

नियम साधा होता. त्या गावात पाऊण तास जे जागचं हलत नाही, ते पुरातत्त्व खात्याकडे जातं. सहलीच्या माहितीपत्रकात तसं छापलंही होतं. पण खासनीस मंडळी सकाळपासून सहा स्थळं उरकण्यात गुंतली होती, वाचायला सवड कुणाला? हॉटेलात कुमुदिनीबाईंनी मिनिटभरात मेंढीचा कबाब मागवला. विद्याधरपंतांनी मात्र कोंबडी की मेंढी, यावर निवृत्त उपअभियंत्याला शोभेल असा सखोल विचार सुरू केला. तो संपेपर्यंत बाईंनी उठायचं नाही, हा घरचा शिरस्ता होता.

खात्याचा अधिकारी सभ्य होता. त्याने टेबलाभोवती दोरी बांधली आणि नोंद लिहून घेतली. सहलीचे व्यवस्थापक बिवलकर दुभाष्याचं काम करत होते.

"अहो, आमची बस सुटेल!" विद्याधरपंत ओरडले.

"स्मारकाला बस नसते म्हणतात," बिवलकर म्हणाले. "आणि काका, हातवारे नकोत. मूळ स्वरूप बिघडतं."

"पण मी जेवलो नाहीये अजून!"

"तशीच नोंद झालीये. 'उपाशी पुरुष.' आता जेवलात तर फेरफार ठरेल."

"आणि हिचं काय?"

बिवलकरांनी विचारून घेतलं. "काकूंसमोर ताट आलेलं होतं, म्हणून त्यांची नोंद 'जेवणारी स्त्री' अशी आहे. त्यांना थांबता येणार नाही. ताट रिकामं झालं की खातं भरून देईल."

चौतीस वर्षं नवऱ्यामागून जेवलेल्या कुमुदिनीबाईंनी हे शांतपणे ऐकलं आणि पोळीत कबाब गुंडाळला.

"कुमुद, एक घास दे गं," विद्याधरपंत हळूच म्हणाले.

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी हात पुढेही केला, पण अधिकारी खाकरला.

"कायदा आहे हो," त्या म्हणाल्या.

बिवलकरांनी यादीतली दोन नावं खोडली आणि उरलेल्या अडतीस जणांना घेऊन ते सातव्या स्थळाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी इंदूरचा एक गट आला. दोरीपलीकडून फोटो झाले.

"हे गृहस्थ इतके रागावलेले का आहेत?" एका बाईंनी विचारलं.

"त्याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत," गाइड म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी संवर्धनासाठी आणखी एक लिंबू मागवलं.