लठ्ठ्याची बदली

चित्रफीत कापण्यात आणि जोडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! मी स्वतःच सांगतोय म्हणून हसू नका, दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मला सांगावं लागतं. लग्नात दिवसभर रुसून बसलेली सासू मी अशी कापतो, अशी जोडतो, की फीत बघताना त्या सासूलाच वाटतं, आपण तर सारखं हसतच होतो. पोटापाण्याचा धंदाच आहे माझा.

म्हणून बोलायला शिकवणाऱ्या बाई जेव्हा म्हणाल्या, की अण्णांना त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवा, ऐकवा, त्यातून एखादा शब्द सुटला तर सुटेल, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं की हे माझ्यावर सोडा. ताईने कपाळाला हात लावला. ती माझी थोरली बहीण, मी काहीही माझ्यावर सोडा म्हणालो की ती तसंच करते.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर शिवणयंत्रावर बसले आणि जन्मभर बोलले. माप घेताना बोलायचे, कापड कापताना बोलायचे, तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तरी दातांच्या फटीतून बोलायचे. आणि एका सकाळी मेंदूत गुठळी झाली, उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. ऐकू येत होतं, डोळे सगळीकडे फिरत होते, पण तोंडातून चकार शब्द निघत नव्हता. नुसता घशात अडकलेला आवाज यायचा आणि मग त्यांचे डोळे भरायचे. ते बघवायचं नाही.

वर डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं. या वॉर्डात खाटा कमी, ज्याच्यात सुधारणा दिसते त्यालाच इथे ठेवतात. या आठवड्यात एक तरी शब्द आला नाही तर अण्णांना मागच्या इमारतीत हलवायचं. मागच्या इमारतीत कोणी बोलायला शिकवत नाही, तिथे फक्त कूस बदलून देतात. तिथून कोणी चालत घरी गेलेलं आठवतं का, म्हणून मी वॉर्डातल्या मावशींना विचारलं. मावशींना कुठल्या खाटेवर कोण होतं, कोणाची सून भांडकुदळ होती, सगळं पाठ होतं. त्यांनी बराच विचार केला आणि दुसऱ्या खाटेची चादर बदलायला निघून गेल्या.

तेव्हा मला ती मालिका आठवली.

आमच्या लहानपणी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. एक मोठं जहाज अंतराळात फिरतंय, एक कप्तान, एक लठ्ठ इंजिनियर, एक उंच बाई आणि एक लोखंडी यंत्रमानव. भाषा अशी की आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. पण अण्णांना कळायची! एका गिऱ्हाइकाकडून शिकलो म्हणायचे. आम्ही तिघं भावंडं पुढ्यात, मागे अण्णा काजं करत बसलेले, आणि पडद्यावर कोणी तोंड उघडलं की मागून मराठी सुरू. अण्णांच्या मराठीत जहाजावरची माणसं पगारावरून भांडायची, एकमेकांचे सदरे घालायची आणि कप्तान रोज कोणाला तरी विचारायचा, "बटण कोणी तोडलं?" असली मालिका मी पुन्हा कधी पाहिली नाही.

बरं, आता ती सबंध मालिका मराठी आवाजात निघाली आहे. मी ती मिळवली आणि ताईला आणि धाकट्याला फोन लावला, की तुमचा सगळ्यात आवडता प्रसंग सांगा. ताईने एका दमात सांगितलं, लठ्ठ्याची बदली होते तो! लठ्ठ इंजिनियर एका छोट्या होडीत बसून जहाजापासून सुटतो, कप्तान खिडकीतून बघतो, आणि लठ्ठ्या म्हणतो, "बदली झाली साहेब, पण तिकडे पंखा आहे." धाकट्याला आवडायचा यंत्रमानव, म्हणजे आमचं डबडं. वरून दार खाली येतंय, डबडं ते दोन्ही हातांनी तोलून धरतं, सगळे खालून पळून जातात, आणि डबडं म्हणतं, "माझी बदली दरवाजा खात्यात करा, हाताला सवय झाली." माझा प्रसंग उंच बाईचा. ती लाल वाळूत आडवी झाली आहे, कप्तान अंगातला कोट काढून तिच्यावर घालतो आणि म्हणतो, "बाहीची उसवण बघून ठेव, मी दोरा घेऊन येतो." अण्णा हे वाक्य म्हणायचे तेव्हा आम्ही हसून लोळायचो.

मी दुकानात बसून हे प्रसंग शोधले, कापले, जोडले. आवाज बंद ठेवून. आमच्या धंद्याची रीतच आहे ती. लग्नात कोण काय बोललं हे ऐकत बसलात तर फीत व्हायची नाही. चित्र बघून कापायचं आणि वरून गाणं टाकायचं. इथे गाणं नको होतं, अण्णांना बोलणं ऐकवायचं होतं, म्हणून मी त्यातला मराठी आवाज तसाच राहू दिला. तो ऐकून बघावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ऐकायचं काय, सगळं तर पाठ होतं!

आता एवढी मेहनत केल्यावर ती काडेपेटीएवढ्या पडद्यावर दाखवायची? मी वॉर्डाच्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला यंत्र जोडलं. बाईंनी परवानगी दिली, वर म्हणाल्या की बाकीच्या पेशंटांचीही करमणूक होईल. दुपारची भेटीची वेळ होती. ताई आली, धाकटा आला. मावशींनी खाटांची डोकी वर करून दिली. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे पोस्टमन होते, त्यांनाही आमच्याकडे वळवलं. त्यांची बायको खुर्ची ओढून पुढे बसली. मी दोन शब्द बोललो. म्हणालो, आता बघा, हसून हसून पोट दुखलं तर डॉक्टर इथेच आहेत.

लठ्ठ्या होडीत बसला. कप्तान खिडकीशी आला. आणि लठ्ठ्या भरदार, स्वच्छ मराठीत म्हणाला, "माझ्याकडे हवा थोडीच उरली आहे. मला शोधायला येऊ नका. घरी सांगा, त्रास झाला नाही."

वॉर्डात कोणी हसलं नाही. ताई माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, की तू भलताच भाग आणलास. मी म्हणालो, थांब गं, पुढे बघ. पुढे डबडं आलं. डबड्याने दार तोलून धरलं, सगळे पळाले, आणि डबडं म्हणालं, "सगळे बाहेर पडलात ना? मग मी आता सोडतो." दार धाडकन खाली आलं. तेवढ्यात तिकडच्या खाटेवरची एक बाई मोठ्याने रडायला लागली.

मी यंत्र बंद करायला धावलो. आणि माझ्याच हाताने जोडलेल्या वायरीत माझा पाय अडकला! मी आडवा झालो तो पोस्टमनांच्या खाटेवर, पोस्टमन किंचाळले, त्यांच्या बायकोने मला पर्स मारली, आणि हे सगळं होईपर्यंत भिंतीवर लाल वाळू आली. कप्तानाने कोट काढला, उंच बाईच्या अंगावर घातला, तोंडावरून ओढला, आणि म्हणाला, "तुझ्या नावाचा दगडसुद्धा मी इथे ठेवू शकत नाही." आता मावशीही पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. आधीच जिवाला घाबरलेल्या माणसांच्या वॉर्डात मी निवडून निवडून, कापून, जोडून, एकामागोमाग एक नुसती मरणं दाखवली होती!

मी तसाच खाटेच्या कडेवर पडून राहिलो, कारण तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जहाजावर ज्याची ज्याची म्हणून बदली झाली, तो कोणीही पुढच्या भागात परत आला नव्हता. ती मालिका लागायची ते वर्ष आईच्या आजारपणाचं होतं. आई गेली तेव्हा अण्णांनी आम्हाला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं, काही लपवलं नाही, आम्ही विचारलं तेवढं सगळं सांगितलं. पण आमच्या त्या जहाजावर मात्र त्यांनी कोणाला मरू दिलं नाही. त्यांना ती भाषा येत होती की नव्हती, देव जाणे. माणूस मेलाय हे कळायला भाषा लागत नाही. मला एकदम इतकं भरून आलं की पोस्टमनांच्या बायकोने दुसऱ्यांदा पर्स उगारली होती ती तिने खाली घेतली.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. आणि त्याच वेळी अण्णा थरथरायला लागले. ताई ओरडली, "अण्णांना झटका आला!" पण अण्णा डावा हात उचलून भिंतीकडे दाखवत होते. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि किती दिवसांनी त्या तोंडातून शब्द आला.

"ब... बदली."

आम्ही तिघंही एकदम रडायला लागलो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मात्र मान डोलावली आणि मऊ आवाजात आम्हाला समजावलं, की बघा, पेशंट स्वतःच बदली मागताहेत, त्यांच्या मनाची तयारी झाली आहे, आता घरच्यांनी अडवू नये. आणि मावशींना म्हणाले, "मागच्या इमारतीत कळवा."

माझं धाबं दणाणलं. मी म्हणालो, "अहो डॉक्टर, तशी बदली नाही! आमच्यात बदली म्हणजे मरण!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आजोबा, इतकं जड झालंय का?" मग आम्हाला म्हणाले की ही गोष्ट गंभीर आहे, मनाच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल. धाकटा मध्ये पडला. तो समजावायला गेला की अण्णांना मरायचं नाही, मेलंय ते डबडं, आणि त्याला दरवाजा खात्यात घेतलंय. डॉक्टरांनी धाकट्याकडेही काळजीने पाहिलं.

शेवटी बाईंना कळलं. त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण घालवला आणि मला खूण केली, की पहिल्यापासून लाव. मी वायर सोडवून फीत पुन्हा लावली. लठ्ठ्या होडीत बसला. ओठ हलायला लागले. आणि अण्णांचेही ओठ हलायला लागले. नुसता घरघर आवाज, त्यात मधूनच ब, मधूनच प, मोडकंतोडकं, लाळ गळत असलेलं, पण बरोबर लठ्ठ्याच्या तोंडाबरोबर सुरू आणि त्याच्याबरोबर बंद. कप्तान बोलायला लागला की आवाज थोडा खाली. बटणं लावता लावता बोलायचे तसेच. ताईने त्यांचा हात घट्ट धरला होता आणि रडता रडता ती हसत होती.

डॉक्टर वाकून ऐकत होते. त्यांना काही अर्थ लागेना. बाईंनाही लागेना. डॉक्टर म्हणाले, "आवाज येतोय, पण अर्थ असल्याशिवाय मी त्यांना इथे ठेवू शकत नाही. काय म्हणताहेत, तुम्हाला कुणाला कळतंय का?"

खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. ताईकडे पाहिलं, तिलाही नाही. धाकटा तर नुसता तोंड उघडं टाकून उभा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या इमारतीतून माणूस बोलावून झाला होता, तो स्ट्रेचर घेऊन दाराशी येऊन थांबला होता. मी घसा खाकरला.

"मला कळतंय ना," मी म्हणालो. "अण्णा म्हणताहेत, मला मागे जायचं नाही. मला बोलायला शिकायचंय."

अण्णांची घरघर चालू होती. मीही सुटलो. म्हटलं, अण्णा म्हणताहेत की इथल्या बाई फार छान शिकवतात. इथल्या डॉक्टरांसारखा देवमाणूस पाहिला नाही. मावशींचा हात मऊ आहे. त्यांना वॉर्डातल्या सगळ्यांचे सदरे शिवून द्यायचे आहेत, डॉक्टरांचा कोट खांद्यात सैल आहे तो आधी घेणार आहेत. ताई मला चिमटे काढत होती, पण मी कसला थांबतोय! "आणि ते म्हणताहेत," मी म्हणालो, "की माझा मधला मुलगा लहानपणापासून अतिशय हुशार."

घरघर थांबली. अण्णांनी मान माझ्याकडे वळवली, सगळा जीव एकवटला, आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले,

"थापाड्या."

याचं भाषांतर करावं लागलं नाही. पोस्टमनसुद्धा हसले. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, बाई गंभीरपणे म्हणाल्या की शब्द प्रसंगाला धरून आहे, माणूस बघून वापरला आहे आणि अगदी अचूक आहे. दाराशी आलेलं स्ट्रेचर रिकामं परत गेलं.

संध्याकाळी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं की अण्णांना वाचा फुटली आणि त्यांनी सगळ्यात आधी मला नावाने हाक मारली. फोन ठेवल्यावर मी ताईला म्हणालो, एवढं तरी खोटं चालतं. ती म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?"