भागोजीच्या हाकेस जागा जाहली, ती हकीकत

विद्येचा धनी जो गणराय त्यासी नमन करून, थोरांच्या तोंडून ऐकिले तैसे लिहिले. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, वैशाख मास. नदीकाठी एक राज्य होते. राज्य लहान, नदी मोठी. घाटावर सरकारने एक यंत्र बसविले होते, ते रोज पाण्याची उंची लिही, आणि पाणी चढले की कर्ण्यातून हाक देई. यंत्राचे पोटात नखाएवढी स्मृतीची चकती, तीत दोन हजार अठ्ठेचाळीस खण, सर्व सारख्या मापाचे. हाक भागोजी कोळियाची. जन्मभर त्याने काठावर उभे राहून पुराची वर्दी दिली, आणि देवाघरी जाण्याआधी आपला आवाज यंत्रास देऊन गेला.

त्या वर्षी चकती तुडुंब भरली, आणि यंत्राने नवे लिहिणे थांबविले. पावसाळा महिन्यावर. मग कारभारी जिवाजीराव यांणी यंत्राच्या दप्तरदार सगुणाबाई यांस बोलावून फर्माविले, "बाई, त्या म्हाताऱ्याची हाक अडीचशे खण अडवून बसली आहे. पुसून टाका. साधा भोंगा बसवू, त्याला दोन खण पुरे." लहानपणी त्याच हाकेसरशी सगुणाबाई आईचा पदर धरून टेकडी चढल्या होत्या, आणि मागून भागोजी ओरडे, "सगुणे, मागं बघू नको, पाय उचल!" परंतु त्या शांतपणे बोलिल्या, "रावसाहेब, पुसायला क्षण पुरतो. मला सांजेपर्यंत मुदत द्या." राव म्हणाले, "सांजेपर्यंत. मग मीच पुसतो."

मग बाईंनी चकती उघडून पाहिली, तो चार वर्षांच्या चौदाशे एकसष्ट नोंदी; बाकीचे खण हाकेचे आणि यंत्र चालविणाऱ्या आज्ञांचे. यंत्र बसविणाऱ्या पहिल्या साहेबांचा दंडक असा की एका दिवसाचा एक कागद, म्हणजे संगणकी फाइल, आणि कागद केवढाही असो, त्यास पुरा खण. "आज पाणी नऊ हात" एवढी ओळ, आणि तिजसाठी चार हजार अक्षरांची जागा! मग बाई कारभाऱ्यांस म्हणाल्या, "मिसळणाच्या डब्यात वाटीवाटीला एकेक मोहरी ठेवली, तर डबा भरला म्हणायचा का?" राव हसले, "आमच्याकडे असं कोणी केलं, तर सासूबाई डबाच डोक्यात घालतील." "तेच आपण चार वर्षं केलं," बाई म्हणाल्या. आता सर्व ओळी एकाच कागदावर घ्यावयाच्या, परंतु भरल्या चकतीत तेवढाही खण मोकळा नाही. म्हणोन बाईंनी नोंदी आपल्या संगणकावर उतरविल्या, आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि मगच जुने कागद पुसून तो एक लांब कागद चकतीत ठेविला. चौदाशे एकसष्ट खणांचे काम आठांत जाहले, आणि रोजची ओळ त्याच कागदाखाली जोडावी असा नवा दंडक केला. सांज होण्याआधी यंत्र लिहू लागले.

दुसरे दिवशी दवंडी देऊन दोन प्रहरी चाचणी केली. कर्णा बोलिला, "पाणी आलं हो! वर चला, वर चला!" तो गर्दीतून भागोजीची म्हातारी ठकूबाई पुढे आली, आणि डोईवर पदर सावरून कर्ण्याकडे पाहत म्हणाली, "पुरे झालं ओरडणं. जेवायला या आता." जिवाजीरावांनी तोंड फिरविले आणि पागोटे उगाच सारखे केले.

एणेप्रमाणे वर्तले ते लिहिले. सांप्रत चकत्या मोठ्या जाहल्या, आणि खण मोजणारे कोणी उरले नाही. परंतु त्या घाटावर पाणी चढले की अद्याप भागोजीच हाक देतो.