श्री. वाघचौरे यांस राग येतात

महिपतराव वाघचौरे सहा वर्षांचे असताना त्यांनी एक आवाज ऐकला. सेवापुस्तिकेत त्याची नोंद नाही, कारण सेवापुस्तिका एकोणिसाव्या वर्षी उघडली. ग्वाल्हेरात गोरखी वाड्याच्या मागे त्यांचं घर. तिथे त्यांची आत्या तुरीची डाळ निवडत बसली होती. खडा इकडे, डाळ तिकडे, आणि निवडता निवडता कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणत होती:

दूर राहिली दख्खन, दूर राहिलं माहेर,
सुराचा गं आहेर, वारा नेईल.

आत्या जन्मात दख्खनला गेली नव्हती. तिच्या पणज्याने घोड्यावरून ते अंतर तोडलं, तेव्हापासून घरातलं कुणी उलट गेलं नव्हतं. पण 'माहेर' या शब्दावर तिचा आवाज असा काही अलगद उतरला की मुलाच्या छातीत काहीतरी हललं. तो उतार कुठे सापडतो का, हे बघायला महिपतराव पुढे गाणं शिकले. आत्या गेली, संस्थान गेलं, उतार अजून सापडायचा होता.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच महिपतराव चारा-नोंदणी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. संस्थानाचे घोडे आणि हत्ती जे गवत खात, त्याच्या कुरणांची नोंद ठेवण्यासाठी ही कचेरी निघाली होती. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात मिसळलं. घोडे गेले, हत्ती गेले, कुरणांवर वसाहती उठल्या. कचेरी राहिली. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असल्यामुळे कचेरीच्या फायली दर वर्षी इंदूरला हवा खायला जात. काही ताज्यातवान्या होऊन परत येत, काहींना तिकडचीच हवा मानवे.

उरलेल्या वेळात महिपतराव गात. पहाटे तासभर, आणि दर गुरुवारी संध्याकाळी नया बाजारात, कापडाच्या एका दुकानावरच्या माडीवर. तिथे वीसेक मंडळी जमत. स्वभावाने महिपतराव इतके मवाळ की दूधवाला अर्धं पाणी घालून गेला तरी "आज दूध जरा हलकं वाटतंय" एवढंच म्हणत, आणि तेही तो गेल्यावर.

छप्पन्न साली मध्यभारतही संपला आणि राजधानी भोपाळला गेली. कुणी ग्वाल्हेरात राहावं, कुणी भोपाळला यावं आणि कुणी आणखी कुठे जावं, हे ठरवायला एक समावेशन समिती बसली. प्रत्येक कर्मचाऱ्याबद्दल वरिष्ठाने चार ओळींचा गोपनीय अभिप्राय पाठवायचा होता. कचेरीचे अधीक्षक दौलतसिंह हे गुरुवारच्या माडीवरचे पहिल्या रांगेतले श्रोते. त्यांनी मन लावून लिहिलं: "श्री वाघचौरे को राग बहुत आते हैं। सुबह के अलग, शाम के अलग। ऋतु बदले तो नए आते हैं। दफ़्तर में रोकते हैं, फिर भी कभी-कभी निकल पड़ता है।"

"महिपतराव जी," ते पान लावता लावता म्हणाले, "ऐसा लिखा है कि भोपालवाले झूम उठेंगे."

भोपाळहून दीड महिन्याने पत्र आलं. आपणांस राग पुष्कळ येतात, ते वेळी-अवेळी येतात व कार्यालयातही अनावर होतात, असे वरिष्ठांनी कळविले आहे. सबब जनतेशी संबंध येणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे बस्तरच्या जंगलातील चारा-चौकीवर, आपली नेमणूक का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

शामलाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

"तुम्हाला? राग? अहो, चोवीस वर्षं संसार केला, मला एकदा दाखवला नाहीत. आणि भोपाळपर्यंत गेला?"

"अगं, गाण्यातले राग. दौलतसिंहांनी कौतुक केलंय."

"मग तसं कळवा ना. एका ओळीचं तर काम."

महिपतरावांनी ती एक ओळ लिहिली. उत्तर आलं की, मराठी कर्मचाऱ्यांवर हिंदीमुळे अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या कागदांतील शब्दांचा अर्थ मराठीच धरावा, असे परिपत्रक आहे व ते आपल्याच भल्यासाठी आहे. महिपतरावांनी लिहिलं की मराठीतही राग दोन असतात. उत्तर आलं की, दोन अर्थांच्या शब्दाचा समितीस जो आधी सुचेल तो ग्राह्य धरला जातो, कारण दोन्ही धरल्यास निर्णय लागत नाही. तसेच, आपल्या खुलाशात 'राग' हा शब्द सात वेळा आला असून त्यावरून अभिप्रायास पुष्टीच मिळते.

ते दौलतसिंहांकडे गेले. दोन शब्दांची दुरुस्ती पाठवा म्हणाले.

"कैसे भेजूँ?" दौलतसिंह कळवळून म्हणाले. "काग़ज़ गोपनीय है. उसमें क्या लिखा है, ये मुझे भी मालूम नहीं होना चाहिए." आणि मग त्यांना हसू आवरेना. "पर बात है मज़ेदार, मानना पड़ेगा!"

बात मज़ेदार होती, हे सगळ्या कचेरीने मानलं. महिपतराव दारात आले की कुणीतरी विचारी, "बाबूजी, आज कौन-सा है? बैठें कि भागें?" महिपतरावही हसत. आपल्यावरच्या विनोदाला आपण हसलो नाही तर समोरच्याला वाईट वाटतं, अशी त्यांची समजूत होती.

सुनावणीसाठी त्यांना भोपाळला बोलावलं. तिथे समितीची मराठी-अर्थ शाखा नव्यानेच उघडली होती. तिचे अधिकारी लक्ष्मीकांत देवपुजारी हे मूळ नागपूरचे. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, पण देवपुजारींची स्वतःची फाइल चुकून भोपाळच्या गाडीत चढली, म्हणून तिच्यामागून तेही आले होते. बाजूला लघुलेखक पेन्सिली तासून तयार होता.

"बसा. काहो, सकाळी जो राग येते तो किती वेळ राहते?"

"तासभर. सुट्टीच्या दिवशी दीड."

"घरचे लोक काय करतात मंग?"

"सवय झालीय त्यांना. चहा ठेवतात."

"एकदम येते, का चढत जाते?"

"आधी सावकाश. मांडायला अर्धा तास लागतो. मग चढतो. द्रुतात गेला की मात्र सांभाळावा लागतो."

"घराण्यात होता कोणाला?"

"घराणं ग्वाल्हेरचंच," महिपतराव नम्रपणे म्हणाले.

लघुलेखकाने लिहिलं: आनुवंशिक; सर्व शहरास लागण.

"हे पाहा, तुम्ही खरं बोलून राहिले म्हणून बरं वाटते. आता कोणते कोणते येतात तेवढे सांगून द्या."

महिपतरावांना वाटलं, नावं ऐकल्यावर तरी उलगडा होईल. समोरचा गंधर्व नसला, तरी माणूस तर आहे. ते आठवून आठवून सांगत गेले आणि समितीने प्रत्येक रागापुढे शेरा मारला. 'दरबारी' हा सरकारदरबाराविरुद्धचा राग असल्याने गंभीर मानला गेला. 'देस' हा उघडउघड देशावरचा राग होता आणि त्याची वेगळी प्रत गृहखात्याला जायची होती. 'मालकंस' म्हणजे मालकास कंस समजणे, वरिष्ठांविषयी अनादर. 'भूप' हा मात्र राजेलोकांवरचा राग निघाला आणि विलीनीकरण झालेलं असल्यामुळे तो क्षम्य ठरला.

"आता बस्तर काही चुकत नाही," देवपुजारी हळहळले. "एकच रस्ता आहे. प्रतिज्ञापत्र द्या. मला कोणताही राग येत नाही, यापुढे येणार नाही, आला तर नोकरी जाईल. खाली तुम्हाला ओळखणाऱ्या वीस जणांच्या सह्या. मंग राहा ग्वाल्हेरात खुशाल."

महिपतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बस्तरला गेलं तर गुरुवार जाणार. माडी जाणार. आत्याचा तो उतार या गावाच्या हवेत कुठेतरी अडकलेला आहे, असं त्यांना वाटे. तोही हातचा जाणार. गाण्यासाठी ग्वाल्हेर हवं होतं, आणि ग्वाल्हेरसाठी गाणं नाही म्हणून लिहून द्यायचं होतं. हिशेब सरकारी होता, त्यामुळे त्यात चूक काढता येत नव्हती.

वीस सह्या गुरुवारीच माडीवर झाल्या. पाव तासात. एवढ्या वेळात तिथे साधा दादरा संपत नसे. इतकी वर्षं ज्यांनी त्यांच्या प्रत्येक समेवर मान टाकली होती, त्यांनी 'यांस राग येत नाही हे आम्ही जातीने जाणतो' याखाली नाव घातलं. सही करताना प्रत्येकाने एकेक कोटी केली. गोविंदराव म्हणाले, "मला तर हे आधीपासून वाटत होतं, तुम्हाला मारवा येत नाही म्हणून." सगळे लोटपोट झाले. महिपतरावांनी दौत पुढे सरकवली आणि तेही हसले.

प्रतिज्ञापत्र मंजूर झालं आणि पाळायचंही ठरलं. दर शनिवारी दौलतसिंह भोपाळला लिहीत, "इस सप्ताह राग नहीं आया।" महिपतराव कुरणांच्या नकाशावर वाकून नकळत गुणगुणू लागले की दौलतसिंह खाकरत. जिल्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावून दाखला दिला की आत कोणताही राग आढळला नाही. पहाटे शामलाबाई सवयीने चहा ठेवत, आणि तो तासभर कशाच्या सोबतीने प्यायचा ते दोघांनाही कळत नसे.

"हळू म्हणा ना," एकदा त्या म्हणाल्या. "दार लावते मी."

"शेजारच्या तुकोजींची सही आहे त्या कागदावर. ऐकलं तर ते खोटे पडतील."

"म्हणजे तुम्ही खोटे पडलात ते चालतं?"

गवळी आला होता, महिपतराव भांडं घेऊन खाली गेले.

गुरुवारी ते माडीवर जात, पण दुसऱ्याचा राग ऐकून स्वतःला येऊ शकतो या शंकेने समितीने त्यांना श्रोत्यांतही बसू दिलं नव्हतं. ते चहा वाटत. हळूहळू, नेमाने गाणारा दुसरा कुणी नसल्यामुळे, बैठकीत त्यांची गोष्ट सांगायची पद्धत पडली. नवा पाहुणा आला की फर्माईश होई, "तो मालकंसचा किस्सा होऊ द्या!" किस्सा रंगत गेला, त्यात ताना आल्या, हरकती आल्या. गोविंदराव तो इतका सुरेख सांगत की महिपतरावांचं गाणं पूर्वी कसं होतं, हे कुणी विचारीनासं झालं.

अकरा महिन्यांनी देवपुजारी तपासणीला ग्वाल्हेरात आले, आणि संध्याकाळी लोकांच्या आग्रहावरून माडीवर. गोविंदरावांनी खुद्द अधिकाऱ्यासमोर किस्सा सांगितला. देवपुजारींच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतके ते हसले. मग रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "आता कबूल करून टाकतो मंडळी. मला तर पहिल्याच दिवशी समजलं होतं. घरी पेटी आहे नं आमच्या. मायच शिकवत होती."

"फिर?" दौलतसिंहांनी विचारलं.

"शाखा नवी उघडली होती बाप्पा! अकरा माणसं, आन् केस एकही नाही. शाखा बंद होऊन राहिली होती. तेवढ्यात यांचा राग आला." पुन्हा हशा. "त्या अकराही जणांना ठाऊक होतं. आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत हेच वाचत होतो."

"अरे, ठाऊक कुणाला नव्हतं?" गोविंदराव म्हणाले. "सही करताना आम्हाला काय ठाऊक नव्हतं?"

"तर मंग आज होऊन जाऊ द्या," देवपुजारी लोडाला टेकले. "म्हणा काहीतरी. काही ऐकलं नाही असं लिहून देतो मी."

"वाघचौरे, बसा! दरबारी होऊ द्या!" वीस जण एकदम म्हणाले. कुणीतरी तानपुरा आणून दिला. महिपतरावांनी चहाचा ट्रे खाली ठेवला. ते बसले. खुंट्या पिळल्या, तारा जुळल्या, आणि सूर लागायच्या आधीच चार जणांनी "वाहवा" म्हणून घेतलं.

महिपतरावांनी तारांवर आडवा हात ठेवला.

"प्रतिज्ञापत्र खोटं आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, दूध हलकं आहे म्हणतानाचा. "मला राग येतो. दुसरा. भोपाळला तुम्ही घराणं विचारलंत तेव्हा आला होता, देवपुजारीसाहेब. इथे सह्या झाल्या त्या दिवशी तर पोटात मावेना. तुम्ही सगळे हसत होतात, म्हणून मीही हसलो."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. पुढची कोटी येणार, असं त्याला वाटलं असावं.

महिपतरावांनी तिकडे पाहिलं, आणि मग खाली, तारांवरच्या स्वतःच्या हाताकडे.

"आणि सगळं कळत असून जो इथपर्यंत नुसता हसत आला," ते म्हणाले, "त्याचा सगळ्यात जास्त."