अल-मन्सूरा गलबताची सूर बंदरी फत्ते

सूर बंदरीचे समस्त कहवापान करणारे वृद्धमंडळ, दर्यायुद्धनिपुण, ज्यांणी दहा वर्षांत समुद्रात पाऊल भिजविले नाही, यांणी फर्माविले की, नाखुदा, म्हणजे गलबताचे कप्तान, सुवैलिम बिन बखीत यांणी अल-मन्सूरा गलबत कैसे जिंकविले आणि कैसे बुडविले, हे साद्यंत लिहिणे. आज्ञा शिरसावंद्य मानोन लिहितो.

अल-मन्सूरा म्हणजे विजयिनी. मलबारचा साग आणोन नाखुदांच्या तीर्थरूपांनी दोन वर्षे खपोन सिद्ध करविली. तिणे तीस वर्षे बसऱ्याचा खजूर वाहिला, झांझिबारचे वासे आणिले, आणि तुफानांस पाठ दाखविली नाही. मग मोटारी इंजिनांचा अंमल सुरू जाहला. नाखुदांचे मेहुणे मरहून बिन सईद यांणी आपल्या गलबतात इंजिन बसविले आणि भर बाजारी जाहीर केले की, आजपासोन शिडाचे गलबत आमच्या धुरामागोनच खाडीत शिरेल. नाखुदांचा क्रोध गगनी न मावे. दाढीस हात लावोन कसम खाल्ली की, येत्या मोसमी झांझिबाराहून परततां खाडीत प्रथम आम्ही, तेही शिडावर.

मग मोसम सरला आणि दोन्ही गलबते एकाच सकाळी बंदरासमोर आली. ओहोटी लागली होती, आणि खाडीच्या मुखीचा वाळूचा दांडा उघडा पडत चालला होता. सुकाणूवरील म्हातारा जुमआ अदबीने बोलिला, “नाखुदा, पाणी उतरतंय. इंजिनवाला उरल्या अरुंद वाटेनं वळत जाईल, शिडाला ते जमायचं नाही. दुपारची भरती येऊ द्या, मग आत जाऊ.”

“आणि ते डबडं माझ्या आधी जाऊ दे? माझी बायको काठावर उभी आहे, जुमआ!”

“तिला नवरा जिवंत हवा असेल.”

“तू तिला ओळखत नाहीस. सोड शीड!”

सबब शीड सुटले. वारा भरला, आणि मेहुण्यांचे इंजिन खोकत मागे पडले, आणि काठावर जयघोष जाहला, आणि त्याच घटकेस अल-मन्सूरा दांड्यावर चढली. सागाचा कणा कडाडला. मागील अर्धे वाळूत रुतले, पुढील अर्धे लाटेने उचलोन खाडीत फेकिले, आणि अठरा असामी पाण्यात.

येथे मरहूनसाहेबांनी युद्धशास्त्रास न शोभेसे वर्तन केले. मार्ग मोकळा असतां इंजिन बंद केले, होडी सोडिली, आणि एकेकास केसांस धरोन वर ओढिले. नाखुदा अखेरीस. ते गलबताच्या नाळेस, म्हणजे पुढील टोकास, मिठी मारोन होते, सोडीनात.

काठावर त्यांच्या कबिल्याने, झुवैनाबाईंनी, आधी त्यांचे हातपाय चाचपोन पाहिले. मग तोंड सोडिले. “जिंकलात ना? आता जा त्या नाळेवर बसून झांझिबारला!” ऐसे म्हणोन रडू लागल्या.

वृद्धमंडळाने कहवा घेत निवाडा दिल्हा की, नाळ प्रथम आत आली, सबब फत्ते सुवैलिम यांची.

मरहूनसाहेब म्हणाले, “दाजी, तुम्हीच पुढं होतात.”

“इंजिन कशाला बंद केलंस? लोक म्हणतील, तू सोडलंस म्हणून मी जिंकलो.”

“मग काय बहिणीला तुमची पगडी नेऊन द्यायची होती?”

नाखुदांनी मेहुण्यांचा हात धरिला. बराच वेळ सोडिला नाही.

पुढील मोसमी विजयी नाखुदा मेहुण्यांच्याच गलबतावर, इंजिनाच्या धुरात खोकत, झांझिबारास रवाना जाहले. येणेप्रमाणे थोर फत्ते जाहली. शिडाचा मान राहिला, अठरा असामी सलामत. गलबत तेवढे रणांगणी कामास आले.