भालेरावांचा शिसवी रूळ

अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत भालेरावांसमोर सही करायचं लोक टाळत. कुरियरवाला दारात आला आणि समोरच्या ओट्यावर भालेराव दिसले, की लोक त्याचा कागद घेऊन घरात जात. भालेराव सही करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नसत, हाताकडे पाहत. तेही इतक्या जवळून, की आपण खोटी सही करतोय की काय, अशी शंका ज्याची सही त्यालाच यावी. सही झाली की ते निकाल देत. "अंगठा फार दाबता. तुम्हाला जाड पेन पाहिजे." किंवा, "तुम्ही लिहीत नाही, कोरता." आणि मग ठरलेला प्रश्न येई : घरात मोडकं लाकूड काय आहे?

भालेराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे नांदेडकडचे. नोकरीला लागले तेव्हा हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. ते आमच्या समोरच्या घरात राहत. घरात तिघंच : ते, कमलवहिनी आणि मुलगी सुजाता. कचेरीतून आल्यावर चहा पिऊन ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात आणि लाकडाचे शाईचे पेन बनवत. पेन विकत नसत. त्यांचा नियम एकच होता : ज्याला पेन हवा, त्याच्याच घरातलं लाकूड हवं. दुकानातलं लाकूड त्यांना चालत नसे. "त्या लाकडाची तुमची ओळख नाही," असं ते म्हणत.

त्यामुळे ते कुणाकडेही गेले की आधी फर्निचरकडे बघत. खुर्चीचा पाय नखाने खरवडून वास घेत. गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा भालेराव भेटायला गेले, आणि कोपऱ्यातली आजोबांची काठी हातात घेऊन तिच्यावरून बराच वेळ बोटं फिरवत बसले. घरच्यांना वाटलं, गहिवरले. महिनाभराने त्यांनी आजोबांच्या दोन्ही मुलांना त्या काठीचा एकेक पेन आणून दिला. मुठीकडचा भाग कोणाच्या पेनात आला, यावरून दोघा भावांत नवं भांडण लागलं. ते पुढे बरेच दिवस चाललं.

माझा पेन आमच्या मोडक्या पाटाचा आहे. भालेराव मला नावाने हाक मारत नसत. मी वर्तमानपत्रात असल्यामुळे त्यांच्या लेखी मी 'पेपरवाले' होतो. "पेपरवाले, तुमचं अक्षर घाईचं आहे. नीब बारीक देतो, म्हणजे आपोआप थांबाल," असं म्हणून त्यांनी तो पेन माझ्या हातात ठेवला. मी अजून थांबायला शिकलेलो नाही, पण पेन चालतो.

शेडमधलं एकही हत्यार बाजारातून आणलेलं नव्हतं. जुन्या कानशी घासून त्यांनी पटाश्या केल्या होत्या. भोक पाडायची गिरमिटं सायकलच्या सुट्या भागांतून झाली होती. नीब घासायला आरशाचा तुकडा आणि त्यावर पॉलिश पेपर. आणि या सगळ्याच्या मध्यभागी त्यांचं लेथ : लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांवर बसवलेली एक मोटर, वेग कमी-जास्त करायला शिलाई मशीनचं पायडल.

ती मोटर घरच्या कूलरची होती, आणि भालेरावांच्या संसारातला कायमचा वाद तोच होता. होळी झाली की कमलवहिनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन शेडमध्ये जात आणि मोटर सोडवून कूलरमध्ये बसवायला लावत. पावसाळा लागला की मोटर परत शेडमध्ये. म्हणजे उन्हाळाभर कारखाना बंद. दुसरी मोटर घ्या, असं मी एकदा सुचवलं. भालेरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसरी बायको सुचवली असावी.

त्या वर्षांत सगळंच बदलत होतं. कोटीच्या बाजारातल्या दुकानांत परदेशी पेन काचेमागे दिसू लागले होते. दुसरीकडे वापरून टाकून द्यायचे बॉलपेन पानाच्या टपरीवरही मिळत होते. भालेराव त्यांना 'फेकू' म्हणत आणि हात लावत नसत. त्यांच्या खिशाला स्वतःचे तीन पेन असत. पोस्टात, बँकेत कुणी फेकू पुढे केला, की ते नम्रपणे हात आडवा धरत. ताटात नको असलेला पदार्थ पडत असताना लोक धरतात तसा.

पेन मागणाऱ्याला मात्र फार थांबावं लागे. भालेरावांचं उत्तर ठरलेलं : "अजून वाळलं नाही. इत्मीनान ठेवा." लाकूड ओलं असताना कातलं की पुढे पेन तडकतो, हे खरंच होतं. पण त्यांचं वाळणं लोकांच्या वाळण्यापेक्षा लांब असे. पेनाऐवजी आपणच वाळून जाऊ, असं आमचा किराणावाला म्हणे.

फक्त डावखुऱ्यांना थांबावं लागत नसे. डाव्या हाताने लिहिणारा माणूस दिसला की भालेराव रांग मोडत. डावखुरा माणूस नीब ओढत नाही, ढकलतो. साधी नीब कागदात रुतते. म्हणून त्याच्यासाठी ती उलट्या बाजूने घासावी लागते, असं ते मला समजावत. एकदा इराणी हॉटेलात कुणीतरी अनोळखी माणूस डाव्या हाताने बिलामागे काही लिहीत होता. तो उठला तसे भालेराव त्याच्यामागे बसमध्ये चढले आणि थेट मलकपेठपर्यंत गेले. तो माणूस पोलिसांना बोलावण्याच्या बेतात होता. परत आले तेव्हा भालेरावांकडे त्याचा पत्ता होता, आणि त्याच्या आईच्या खाटेचा एक खूर.

डावखुऱ्यांवर एवढी मर्जी का, हे मी कधी विचारलं नाही. छंदाला कारण नसतं, असं समजून होतो.

शेडमध्ये खिळ्याला एक रूळ टांगलेला असे. पूर्वी कचेरीत रेघा मारायला वापरायचे तसा गोल, काळसर, शिसवीचा. एका टोकाला सीलच्या लाखेचा लाल डाग होता. पेनासाठी याहून चांगलं लाकूड शोधून मिळालं नसतं. सरळ, घट्ट, आधीच गोल. एकदा त्यांच्याकडचं लाकूड संपलं होतं, तेव्हा मी त्याकडे बोट दाखवलं. भालेराव पटाशीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तो अजून वाळला नाही."

रूळ त्यांच्या नोकरीइतका जुना होता. मी ते बोलणं विनोदात काढलं.

सुजाता तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दहाही बोटांनी इतकी भरभर टाइप करायची की भालेराव दारात उभे राहून बघत. तिच्या सहीकडे मात्र त्यांनी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. पाहायची संधीच येत नसे. वडील खोलीत असले की ती काही लिहीत नसे. कागद उचलून दुसरीकडे जाई. घरातला हा एकच माणूस असा होता, ज्याच्याकडे भालेरावांचा पेन नव्हता. तिने मागितला नव्हता आणि त्यांनी दिला नव्हता.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, श्रीनिवास, तेलुगू. लग्न रजिस्टर करायचं, मग घरी जेवण. तारीख मिळाली ती मे महिन्यातली. लग्नानंतर दोघं बेंगळूरला जाणार होती.

लग्नाच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे काही मदत लागेल का, म्हणून गेलो, तर कमलवहिनी कूलरसमोर बसून मोटरीचे स्क्रू काढत होत्या. घरात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. दोन दिवसांत पाहुणे यायचे होते. मला वाटलं, मोटर बिघडली.

"बिघडली नाही. त्यांना पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "मागायची हिंमत होईना त्यांची. तीन दिवस नुसते कूलरभोवती फिरताहेत. म्हटलं, आपणच काढून द्यावी."

आणि स्क्रू काढता काढता त्यांनी सांगितलं ते असं. सुजाता जन्माची डावखुरी. शाळेत घातलं तेव्हा भालेरावांनी तिला उजव्या हाताने लिहायला लावलं. डावा हात पेन्सिलीकडे गेला की त्यावर रूळ बसे. शेडमधला तोच रूळ. पोरीने वर्षभरात हात बदलला. अक्षर कधी नीट झालं नाही. डावखुऱ्यांच्या पेनांची सुरुवात त्यानंतर कधीतरी झाली.

"ते काय वाईट नव्हते हो," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या घराण्यात शाळेत गेलेले हे पहिले. ते म्हणायचे, आपल्याला नावं ठेवायला लोकांकडे आधीच पुष्कळ आहे, त्यात पोरीचा हात कशाला द्यायचा. आता म्हणतात, एकदा तिला डाव्या हाताने लिहिताना बघायचंय. मी म्हटलं, सांगा तिला. तर म्हणतात, कोणत्या तोंडाने सांगू."

वहिनींनी मोटर पदराने पुसली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. रुळाचा खिळा रिकामा होता.

रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मीही होतो. श्रीनिवासने टेबलावर दोरीने बांधलेल्या बॉलपेनने सही केली. सुजाताची पाळी आली तेव्हा भालेरावांनी खिशातून पेन काढून तिच्यापुढे ठेवला. त्या दिवशी खिशाला नेहमीचे तीन पेन नव्हते, हा एकच होता. काळसर, सडपातळ, लाखेच्या पॉलिशने चमकणारा. पेन ठेवून ते खिडकीकडे बघू लागले.

सुजाताने पेन उजव्या हातात घेतला. नीब कागदात रुतली, उमटली नाही. तिने पुन्हा टेकवली. कचेरीतल्या कारकुनाने बॉलपेन तिच्याकडे सरकवला. "ये लो अम्मा, इससे करो."

तिने तो घेतला नाही. हातातला पेन उजेडात धरून नीब पाहिली. मग टोपण उचललं. टोपणाच्या टोकाला लाखेचा लाल डाग होता. तेवढं टोक भालेरावांनी जसंच्या तसं ठेवलं होतं.

तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग पेन डाव्या हातात घेतला आणि सही केली. अक्षरं तिसरीतल्या मुलाची असावीत तशी, मोठी आणि रेघ सोडून चढलेली. पण शाई न अडखळता उतरली. भालेराव आता खिडकीकडे बघत नव्हते.

कारकुनाने तिचा आधीचा अर्ज काढून दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "क्या अम्मा, ये दस्तखत अलग, वो दस्तखत अलग."

"दोनों मेरीच हैं," सुजाता म्हणाली.

अधिकाऱ्यांनी दोन्ही पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे घेतला. साक्षीदारांत पहिले भालेराव होते. त्यांनी सवयीने पेनासाठी हात पुढे केला. सुजाताने टोपण लावलं आणि पेन आपल्या पर्समध्ये टाकला.

"उजव्या हाताने चालत नाही, बाबा," ती म्हणाली.

भालेरावांनी मान हलवली आणि दोरीचा फेकू उचलून सही केली. मी पाहत होतो. अंगठा फार दाबला होता.

दुपारी घरी पंगत बसली तेव्हा वहिनींनी घाईघाईने मोटर पुन्हा कूलरमध्ये बसवून घेतली होती. बटण दाबलं आणि पहिल्याच झोताबरोबर मोटरीत अडकलेला बारीक काळसर भुसा साऱ्या खोलीभर उडाला. पाहुण्यांच्या ताटांवर, श्रीनिवासच्या कोऱ्या शर्टावर, सुजाताच्या केसांवर. वहिनींनी कपाळाला हात लावला. सुजाता हसत केस झटकू लागली.

मी भालेरावांच्या शेजारी बसलो होतो. हळूच विचारलं, शेवटी रूळ वाळला म्हणायचा का?

त्यांनी पानातला भुसा बोटाने बाजूला केला.

"कुठे वाळला, पेपरवाले," ते म्हणाले. "ओलाच होता. पण पोरगी चालली ना."