नाकावरचा चिमटा आणि लालसाबांची चप्पल

अडवणे या विषयात मला कोणी काही शिकवावं, असा माणूस सोलापुरात तरी नाही! मी पाटबंधारे खात्यात आहे. पाणी अडवण्यापासून अर्ज अडवण्यापर्यंत सगळं झालंय. त्यामुळे सृष्टीच्या डॉक्टरांनी ते निळं यंत्र दाखवलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलोच.

सृष्टी माझी मुलगी. चौथीत आहे, दमा आहे, आणि नातेपुत्याला आहे. कारण तिची आई तिथं झेडपीच्या शाळेत बाई आहे. मी इथं. शासनानं आमच्या संसाराची अगदी न्याय्य वाटणी केलीय: तिकडं माणसं, इकडं भांडी.

ते यंत्र म्हणजे शिट्टीएवढा प्लास्टिकचा तुकडा. आत स्प्रिंगची झडप. श्वास आत ओढायला गेलं की झडप अडवते, जोर लावला की किंचित सरकते.

"आमच्या ऑफिसात फाइल सरकते तसंच की!" मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा एक दाखला आमच्याच टेबलावर पडून आहे.

"औषधाचा पंप चालूच ठेवायचा," ते म्हणाले, "हा वरचा व्यायाम. पैलवान दंड काढतात ना, तसे श्वासाचे स्नायू दंड काढणार. सकाळ-संध्याकाळ, नाक बंद करून. नेमानं केलं तर मी तपासतो, आणि सगळं ठीक असलं तर यंदा मास्क लावून गड्ड्याला जायला हरकत नाही."

गड्डा! मागच्या वर्षी सिद्धेश्वराची ही जत्रा धुळीच्या भीतीनं हुकली होती. होम मैदानावरचा पाळणा तिनं फोनवर बघितला होता, तोही मी पाठवलेला, तोही हललेला.

"पण एकटीला कंटाळा येतो," सृष्टी म्हणाली.

"एकटी कशाला? मी करणार तुझ्याबरोबर! रोज व्हिडिओ कॉलवर!" मी छाती फुगवून म्हणालो आणि माझ्यासाठी दुसरं यंत्र घेतलं.

"बघा हं पप्पा! तुम्ही तोंडातून काढलं की मीपण काढणार. मग व्यायाम बंद, गड्डा कॅन्सल!"

असा करार झाला. नाक बंद करायची क्लिप मी पहिल्याच दिवशी हरवली, म्हणून दोरीवरचा कपड्यांचा चिमटा लावू लागलो. रोज संध्याकाळी फोन डब्याला टेकवून आम्ही समोरासमोर बसायचो. तोंडात यंत्र, नाकाला चिमटा. दोघांनाही बोलता यायचं नाही. नुसतं हुऽऽऽ आणि हुऽऽऽ! खरं सांगतो, दिवसभरात माझ्याशी इतका वेळ दुसरं कोणी बोलत नाही.

त्या दिवशी मात्र मला खुमखुमी आली. "आज बघ बापाचा दम!" म्हणून मी यंत्राची चकती सगळ्यात कडक आकड्यावर फिरवली. सृष्टीनं नको नको म्हणून हात हलवले. मी ओढला श्वास! झडप हलेना. आणखी ओढला! डोळे भज्यासारखे फुगले, भिंतीवरचं कॅलेंडर गरगरलं, प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय सटकला आणि मी खुर्चीसकट आडवा! हात लागून फोन उडाला तो थेट खाटेखाली.

मला लागलं काहीच नव्हतं. पण नातेपुत्याला काय दिसलं? आधी बाप तांबडा झाला, मग छत दिसलं, मग अंधार. हिनं, म्हणजे सृष्टीच्या आईनं, ताबडतोब दुसऱ्या फोनवरून लालसाबांना गाठलं. लालसाब म्हणजे आमच्या समोरच्या दारातले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते आले, मागून खालच्या मजल्यावरच्या केराबाई आल्या. दार उघडंच होतं. माझ्या दाराला कडी नसते, येणार कोण?

"या अल्ला! फिट आली की साहेबांना!" लालसाब.

"तोंडात काय आडकलंय ओ? बोला की कायतरी!" केराबाई.

बोलणार कसा? फोन चालू होता. यंत्र काढलं की पोरगीही काढणार, गड्डा कॅन्सल! म्हणून मी दातांत यंत्र घट्ट धरून खाटेखाली बोट दाखवलं.

"साप!" केराबाई खाटेवर चढल्या. "साप हाय खाली! चावला जनू!"

लालसाबांनी पायातली चप्पल काढली आणि खाटेखाली जो मारा केला! तिसऱ्या फटक्याला काच तडकल्याचा आवाज आला. "मेला!" लालसाब म्हणाले. मेला होता तो माझा फोन, हप्ते चालू असलेला. पण जीव चिवट! आतून हिचा आवाज आला, "अहो, त्यांना मारू नका!"

"फिटवर चप्पलच लागू पडते," म्हणत लालसाबांनी तीच चप्पल माझ्या नाकाशी धरली. एसटीत हयात घालवलेली चप्पल! पण नाकाला चिमटा. मी ढिम्म.

दोघं वाट बघत राहिले. शेवटी केराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "चपलेचाबी वास येईना. गेलं ओ बिचारं. येकटंच ऱ्हायचं, येकटंच गेलं."

ते ऐकून खरंच मलाही वाईट वाटलं! इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

जाताना माणूस नीट दिसावा म्हणून त्यांनी नाकावरचा चिमटा तेवढा काढला. चप्पल अजून नाकाशीच होती.

मी ताडकन उठलो! यंत्र कुठं उडालं तेही कळलं नाही.

"गुण आला!" लालसाब चप्पल उंचावून ओरडले. त्यांची चपलेवरची श्रद्धा आता कोणत्याही डॉक्टरला हलवता येणार नाही.

खाटेखालून मी फोन ओढला. तडकलेल्या काचेआड सृष्टी. गालांवर पाणी, नाकाला क्लिप आणि तोंडात यंत्र. हुऽऽऽ! एवढ्या गोंधळात तिनं ते काढलंच नव्हतं. शेवटचा श्वास पुरा करून मगच ती बोलली.

"पप्पा, तुम्ही काढलंत."

"चप्पल होती गं..."

"असू दे. आता मी आईबरोबर करते. तुम्हाला नाही झेपत."

तिनं नेम मोडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, हो म्हणाले. गड्ड्याला ती आली, मास्क लावून, पंप खिशात ठेवून, आणि पाळण्याच्या रांगेकडं अशी पळाली की मी भेळवाल्यापाशीच थांबून धापा टाकू लागलो.

"तुम्ही इथंच बसा पप्पा, तुम्हाला दम लागतोय!" ती लांबूनच ओरडली. दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं परत गेल्या.

मी अजूनही संध्याकाळी बसतो. डब्याला टेकवलेला, पडदा काळा असलेला फोन, नाकाला चिमटा, हुऽऽऽ! समोरच्या दारातून हाक येते, "साहेब, ठीक हाय ना? चप्पल आणू का?"

सुरुवातीला मी "नको नको" म्हणायचो. आता यंत्र आणि चिमटा काढतो आणि ओरडतो, "आणा की! चहा टाकलाय!"